मधल्या आचेवरची अक्का

अक्काबाईनं डावा डोळा मिटला, उजवा डोळा काळ्या काचेला लावला आन् भट्टीच्या भोकातनं आत बगितलं. आत काय न्हवतंच. म्हंजे होतं समदं, कांड्या होत्या, विटा होत्या, पण सोळाशे डिग्रीला आत एवढं पांढरं व्हायचं की कुठली कांडी आन् कुठली वीट ते कळायचं न्हाई. कडा विरघळून जायच्या. बगता बगता आपण डोळा उघडा ठेवलाय का मिटलाय, त्याचाबी पत्ता लागायचा न्हाई.

"काय दिसतंय अक्का?" मागनं संपत वरडला. तो पलीकडं यंत्राशी पीठ मळत होता.

"धुकं."

"सोळाशेला धुकं? अक्का, डोळे तपासून घ्या. भोरला शिबिर लागलंय, फुकट चष्मा देत्यात."

"तुला न्हाई दिसायचं. तुज्या डोळ्यात मोबाईल भरलाय."

संपत हसला आन् पिठाला लागला. अक्का तशीच बसून ऱ्हायली. गुडघ्यावर हात, पाठ ताठ, एक डोळा काचेला. तिला कुणी हाक मारली न्हाई तर ती दुपारपातूर तशी बसायची.

कापूरहोळला हायवेपासनं भोरचा रस्ता फुटतो तितं ढाबे हायत, पंक्चरवाले हायत, गॅरेजं हायत. त्यांच्या मागं एक पत्र्याचं शेड. बाहेरनं बगणाऱ्याला वाटतं पिठाची गिरणी असंल, आन् ते अगदीच चूक न्हाई. आत राखाडी पीठ येतं. ते भिजवायचं, मळायचं आन् शेवेच्या सोऱ्यासारख्या यंत्रातनं दाबून त्याच्या कांड्या पाडायच्या. करंगळीएवढ्या जाड, हातभर लांब. सुकल्या की पक्क्या व्हायला दुसरीकडं कारखान्यात जायच्या, आन् माघारी आल्या की परीक्षेला ह्या भट्टीत. असल्या कांडीत वीज सोडली की ती आपली आपण तापती आन् तिच्यावर मोठमोठ्या भट्ट्या चालत्यात.

शेड स्वप्नालीचं. ती भोंगवलीची, तिशीतली पोरगी, पुण्यात शिकायला गेलेली, मधेच सोडून आलेली. डोक्याला रुमाल, पायात चप्पल, आन् नखात कायम ते राखाडी पीठ. अक्काला कामावर घेतलं तवा पहिल्याच दिवशी तिनं अक्काला भट्टीपुढं बसवून विचारलं होतं, "अक्का, लोखंड लई तापवलं की काय होतं?"

"लाल होतं. मंग खपल्या निगत्यात."

"त्या खपल्या म्हणजे हवेनं खाल्लेलं लोखंड. लई आचेला हवा सगळ्यालाच खाते. आपल्या कांडीलाबी खायला जाते. पण हिच्यात सिलिकॉन हाय, वाळूत असतो तो अंश. हवा खायला आली की त्याची काच होते. दुधावर साय धरते तशी कांडीच्या अंगभर पातळ काच धरते. मग हवेला आत शिरायला वाटच ऱ्हात न्हाई."

"आन् साय फाटली तर?"

"वरच्या आचेला काच मऊ असते. भेग पडली तर वाहून आपली आपण बुजते."

अक्कानं भट्टीच्या भोकाकडं बगितलं. मंग म्हणाली, "माणसाला अशी साय धरली असती तर लई बरं झालं असतं."

"धरली हाय की," संपत मधेच बोलला. "तुमच्या जुन्या ढाब्याच्या मालकाला बगा. चार बोटं जाड."

त्या दिवशी स्वप्नाली एक गोष्ट मातर न हसता बोलली. भट्टीच्या डब्यावर डिग्रीचा आकडा दिसतो, त्यावर बोट ठेवून बोलली. "नवी कांडी पहिल्यांदा तापते तवा तिच्या अंगावर काच नसते. तिला भरभर वर न्यायची. मधे, पाचशेच्या आसपास, भट्टी नुसती लालसर दिसते बघा, तिथं रेंगाळायचं न्हाई. त्या आचेला काच नीट धरत न्हाई आन् हवा बारीक भेगांतनं आत घुसते. कांडी आतनं फुगते आन् तिचं पीठ होतं. याला कीड लागली म्हणतात."

"आगीत कीड?"

"व्हय, आगीत. सोळाशेला जिला काय होत न्हाई ती पाचशेला मरते. तवा एकतर वर न्या, न्हाईतर बंद करा. मधे धरू नका."

अक्कानं मान डोलावली. तिला समजलं होतं. पण डोक्याला समजलेलं आन् हाताला समजलेलं, ह्यात फरक असतो.

तिचे हात येल्ह्याच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या धनगरवस्तीत तयार झालेले. तितं धुकं चार चार महिने हालत न्हाई. काडेपेटी सर्दावून पार मऊ पडती. म्हणून चूल कदी इझवायची न्हाई. निजताना निखाऱ्यावर राख पांघरायची आन् पहाटं राख सारून फुंकायची. इस्तू जपायचं काम घरातल्या बाईचं. शेरडं घेऊन दुसऱ्या जागी ऱ्हायला जायचं झालं तर अक्काची आई फुटक्या मडक्यात राख भरून तिच्यात निखारा घ्यायची आन् ते मडकं बाळासारखं काखंला धरून चालायची. ज्या घरचा इस्तू इझला त्या घरच्या बाईला शेजारी इस्तू मागायला जावं लागायचं, आन् तिला बाया वरीसभर टोमणे मारायच्या. अक्काची आई कदी मागायला गेली न्हाई. अक्काबी गेली न्हाई.

लगीन झालं तेबी पठारावरच, सावळा मरगळ्यांशी; त्यास्नी समदी वस्ती सावळामामा म्हणायची, मंग अक्काबी मामाच म्हणायला लागली. माणूस हुशार, पण बोलणं शेरडांशी जास्त आन् बायकोशी कमी. चराईचं रान होतं ते हळूहळू बंद झालं. कुठं तारा आल्या, कुठं पाटी लागली, कुठं बंगल्याचं प्लॉटिंग. अक्का शेरडं घेऊन टेकाडावर बसायची आन् कुणीतरी यायचं, "ऊठ बाई, हितं बसायचं न्हाई." दुसऱ्या टेकाडावर जायची, तितं दुसरा. पोरगा रोहिदास मोठा झाला, टेम्पो चालवायला लागला, कापूरहोळला खोली घेतली. शेरडं थोडी ऱ्हायली, ती सावळामामांनी धरली आन् ते वरच ऱ्हायलं. अक्का पोराकडं खाली आली आन् ढाब्यावर भाकरी थापायला लागली. तितंबी तेच. जरा भिंतीला टेकली की मालक म्हणायचा, "अक्का, उठा, गिऱ्हाईक आलं."

स्वप्नाली त्या ढाब्यावर जेवायला यायची. तिनं एक दिवस बगितलं, अक्का तव्याकडं बगत बसलीय आन् आजूबाजूला एवढा कालवा चाललाय, ट्रका वाजत्यात, पोरं वरडत्यात, तरी तिची नजर हालत न्हाई. स्वप्नाली म्हणाली, "अक्का, माझ्याकडं येता का? मला बसून बघणारं माणूस पायजे."

"बसून बगायचं? आन् काम काय?"

"तेच काम."

अक्काला वाटलं पोरगी थट्टा करतीय. पण खरंच तेच काम होतं. भट्टीपुढं एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर घोंगडीचा तुकडा टाकलेला. तिच्यावर बसायचं, आकडा बगायचा, भोकातनं बगायचं. कुणी ऊठ म्हणत न्हवतं. उलट कुणी आलं तर स्वप्नालीच सांगायची, "त्यांना उठवू नका, त्या कामात हायत." रोहिदास म्हणायचा, "आई, घरी बस की आता, लोक मला नावं ठेवत्यात." अक्का म्हणायची, "बसलीय की. तितं बसलीय." उभ्या जन्मात तिला एवढीच एक गोष्ट पायजे होती, जितनं कुणी उठवणार न्हाई अशी जागा. ती मिळाली होती. आता ती तेवढी हातची जाऊ नये, बास.

आन् त्या जागंवर बसून ती कुठं कुठं जायची! पांढऱ्या उजेडात बगता बगता भोक मोठं व्हायचं, दारासारखं. मंग अक्का त्यातनं पठारावर जायची. धुक्यात शेरडांच्या नुसत्या घंट्या वाजायच्या, शेरडं दिसायची न्हाईत. आई म्होरं चालायची, काखंला मडकं. मडक्यातनं बारीक धूर निगायचा आन् धुक्यात मिसळायचा. अक्का हाक मारायची न्हाई. हाक मारली की समदं जातं, हे तिला म्हाईत होतं. ती नुसती मागं मागं चालायची. मंग आकडा बदलला की डब्यातनं टिक आवाज यायचा आन् अक्का कापूरहोळला माघारी यायची.

त्या सालच्या थंडीत स्वप्नालीनं नवीन कांड्या केल्या. एका गिऱ्हाईकाला आधी थोड्या द्यायच्या होत्या. त्या पास झाल्या असत्या तर शेडला वरीसभराचं काम मिळालं असतं. तिनं तीन रांगा केल्या. पहिली रांग जुन्या पिठाची. दुसऱ्या रांगंत एक पांढरं पीठ थोडं मिसळलेलं, नायट्राईड का काय ते. तिसऱ्या रांगंत तेच पांढरं पीठ भरपूर. तिन्ही रांगा भट्टीत लावल्या, सकाळी भट्टी चालू केली, आन् स्वप्नाली गिऱ्हाईकाला भेटायला महाडला निगाली.

"पहिलाच ताव हाय अक्का. भरभर वर. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय गं बाय. जा तू. मोटारीत उलटी झाली तर लिंबू ठेव जवळ, वरंध्याचा घाट हाय."

स्वप्नाली घाटात शिरली असंल नसंल, तेवढ्यात वायरमन सायकलवरनं आला आन् दारातनंच वरडला, "लाईट जाणार हाय ओ! सारोळ्याकडं तार तुटलीय. सांजेपातूर न्हाई यायची."

"अरे, आता भट्टी चढतीय!" संपत वरडला.

"मंग मी काय फुंकर मारू?" वायरमन म्हणाला आन् गेला. त्याच्या पाठोपाठ लाईटबी गेली.

संपतनं जनरेटर लावला. जनरेटर छोटा, कुटूनतरी जुना आणलेला. भट्टी वर न्यायची त्याची ताकद न्हवती. लई तर लई, जिथं होती तितंच तिला धरून ठेवंल. आकडा पाचशेच्या अंगाला होता. संपतनं स्वप्नालीला फोन लावला. घाटात रेंज न्हाई. परत लावला, न्हाई.

"बंद करा अक्का," संपत म्हणाला. "ताई म्हणालीय, वर न्हाईतर बंद."

अक्का उठली, बटणापाशी गेली, हात पुढं केला. आन् हात थांबला. भोकातनं आत बगितलं तर आत पांढरं काय न्हवतं आज. लालसर होतं. अगदी राख सारल्यावर चुलीत दिसतं तेवढंच लाल. आन् त्या लालीत कांड्या उभ्या, नव्या, कोवळ्या.

"एवढ्या तापल्यात त्या," अक्का म्हणाली. "आता एकदम गार केल्या तर तडकतील रे."

"ताई म्हणालीय..."

"ती म्हणालीय ते मला म्हाईत हाय. पण तिला काय ठाऊक लाईट जाणार हाय. इस्तू इझवत न्हाईत संपत, जपत्यात. सांजंला लाईट आली की हितनंच वर नेऊ. बाळं थंडीत उघडी टाकायची का?"

"बाळं न्हाईत ती, कांड्या हायत."

"गप ए. तुला पोरं न्हाईत म्हणून बोलतोस."

संपतला लगीन ठरत न्हाई ह्याचं दुःख होतं, त्यामुळं तो जनरेटरमधी डिझेल ओतायला गेला. अक्कानं बटण फिरवलं, आकडा होता तितं धरला आन् खुर्चीत बसली.

ती दुपार अक्काच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार होती. उन्ह पत्र्यावरनं हळूहळू सरकत होतं. जनरेटर एका सुरात घुमत होता, मधमाश्यांचं पोळं जवळ असल्यासारखा. काळी काच लागतच न्हवती. ती लाली उघड्या डोळ्यानं बगता येत होती. आन् आज आई धुक्यात न्हवती. आज आई चुलीम्होरं बसलेली, समोरच, हात लावता यील एवढी जवळ. राख सारत होती. अक्का तिच्या मांडीला टेकली. आई म्हणाली न्हाई ऊठ म्हणून. बाहेर शेरडं रवंथ करत होती त्याचा आवाज येत होता. सावळामामा आजून तिच्या जन्मात आलेलं न्हवतं, तारा आलेल्या न्हवत्या, पाट्या लागलेल्या न्हवत्या. आईनं निखारा उचलला, नुसत्या बोटांनी, आन् अक्काच्या तळहातावर ठेवला, आन् तो भाजला न्हाई. नुसता उबदार होता, पिल्लाच्या पोटासारखा. अक्काला वाटलं, आता हितनं जायची काय गरज न्हाई.

सांजंला लाईट आली न्हाई. स्वप्नाली आली. घाटातनं आलेली, तोंड उतरलेलं, पण खूश होती. गिऱ्हाईक कांड्या बगायला तयार झालं होतं. दारातनंच म्हणाली, "वर गेली का भट्टी?"

तिनं आकडा बगितला. मंग जनरेटरकडं बगितलं. मंग परत आकडा. तिच्या तोंडावरचा रंग गेला तो दोघांनीबी बगितला.

"किती वेळ हितं हाय?"

"ताई, म्या धरली," संपत एकदम बोलला. "जनरेटर म्या लावला. अक्का म्हणत होती बंद कर. माजीच चूक."

"गप ए!" अक्का तडकली. "माज्या चुकीवर तुजं नाव कशाला घालतोस? म्या धरली बाय. दुपारधरनं."

स्वप्नालीनं भट्टी बंद केली. गार व्हायची वाट बगत तिघं तशीच बसली, कुणी च्याबी मागवला न्हाई. मंग तिनं दार उघडलं.

पहिल्या रांगंत कांड्या न्हवत्याच. तितं पिठाचे छोटे ढीग होते, हिरवट पिवळे, एकामागं एक, मुंग्यांनी वारूळं घातल्यासारखे. दुसऱ्या रांगंत निम्म्या कांड्या उभ्या दिसत होत्या. स्वप्नालीनं एकीला बोट लावलं. ती चुलीतल्या जळक्या गोवरीसारखी आवाज न करता बसली. हाताला नुसतं पीठ आलं.

सोळाशेला ज्यांच्या केसाला धक्का लागत न्हाई त्या कांड्या अक्कानं मायेनं जपल्या, आन् मायेनंच मेल्या. अक्का त्या ढिगाकडं बगत ऱ्हायली. म्होरं तिला बगवंना. तिनं खाली मान घातली. त्यामुळं तिसऱ्या रांगंपाशी स्वप्नालीचा हात थांबला, ती वाकली, आन् लई येळ तशीच वाकून ऱ्हायली, हे अक्कानं बगितलं न्हाई.

स्वप्नाली भट्टीत बगत बगतच बोलली, मागं वळलीबी न्हाई. "अक्का, उठा आता. घरी जा."

बास. एवढंच. पण अक्काला तेवढं पुरलं. ती उठली, खुर्चीवरचा घोंगडीचा तुकडा घडी घालून काखंला मारला, आन् निगाली. संपत रस्त्यापातूर मागं आला. "अक्का, ती आजच्यापुरतं म्हणाली. उद्या या."

"म्या उभा जन्म ऐकलंय ते," अक्का म्हणाली. "कोण आजच्यापुरतं म्हणतं आन् कोण कायमचं, मला कळतंय."

सकाळच्या एसटीनं ती नसरापूरवरनं येल्ह्याला गेली आन् तितनं चालत वर.

सावळामामा शेरडांना पाला टाकत होतं. बायकोला बगून म्हणालं, "का गं? सायबिणीनं हाकलली?"

"म्या आपून उठले."

"पहिल्यांदाच मग," मामा म्हणालं, आन् पाला टाकायला लागलं. सांजंला मातर त्यांनी न सांगता दूध तापवून दिलं.

वर दिवस असे जायचे की कुठला कालचा आन् कुठला आजचा ते कळायचं न्हाई. अक्का टेकाडावर बसायची. खाली दरीत धुकं भरलेलं, पांढरं, कडा विरघळलेल्या. पण त्यात आता काय दिसायचं न्हाई. आई येत न्हवती. नुसतं धुकंच दिसायचं, ओलं आन् गार. अक्काला वाटायचं, आपण समदं जाळून आलो. भोकातनं आत जायची जी वाट होती तीबी पीठ झाली. मामा एकदा शेजारी येऊन बसलं. म्हणालं, "कुटं बगतीस?"

"कुटं न्हाई."

"तेच म्हणतो. आदी बगायचीस तवा कुटंतरी बगायचीस."

मंग एक दिवस उन्ह चढल्यावर खालनं कुणीतरी धापा टाकत येताना दिसलं. डोक्याला रुमाल, पायात चप्पल, एक चप्पल तुटलेली, हातात धरलेली. स्वप्नाली. मामांनी वाडगंभर ताक दिलं. तिनं ते एका दमात पिलं आन् दुसरं मागितलं.

"कुणी सांगितली वाट?" अक्का म्हणाली.

"संपतनं. मोटारसायकल खाली ठेवून बसलाय. म्हणतो वर आलो तर अक्का मला मारंल."

"मारणारच हाय."

स्वप्नालीनं पिशवीतनं टॉवेल काढला, उलगडला. आत कांड्या. अख्ख्या. राखाडी, गुळगुळीत.

"नव्या केल्या?" अक्कानं विचारलं.

"न्हाई. त्याच. त्या दिवशीच्या."

अक्कानं कांडी हातात घेतली. बोटानं दाबली. नखानं खरवडली. तिचं पीठ होईना.

"तिसरी रांग," स्वप्नाली म्हणाली. "पांढरं पीठ भरपूर घातलेली. दुपारभर तुम्ही मधल्या आचेला धरली, तरी हिला कीड लागली न्हाई. अक्का, आपल्याकडं लाईट रोज जाते. ज्याच्या भट्टीत नवी कांडी असंल त्याची लाईट गेली की भट्टी मधल्या आचेतनंच खाली येते. मला हे कधी बघायचं धाडस झालं न्हवतं."

"आन् ते महाडचं गिऱ्हाईक?"

"ते गेलं. त्याला द्यायला पुरतील एवढ्या कांड्या उरल्या न्हाईत, त्यानं दुसरीकडनं घेतल्या."

"मंग वरीसभराचं काम?"

"तेबी गेलं."

अक्कानं कांडी माघारी दिली. "मंग मला कशाला न्यायला आलीस? तुजं काम म्या घालवलं. चार शिव्या दे आन् मोकळी हो. मामा हितंच हायत, त्यास्नीबी ऐकू दे."

"द्या द्या," मामा म्हणालं. "माजं धाडस होत न्हाई."

स्वप्नाली हसली न्हाई. म्हणाली, "एक दुपार टिकली म्हणजे कायमची टिकंल असं न्हाई. तिसऱ्या रांगंच्या आणखी कांड्या पाडायच्या. आन् आता मुद्दाम मधल्या आचेला धरायच्या. रोज. पीठ होतात का न्हाई ते बघायचं. त्याला कुणीतरी भट्टीपुढं बसायला पायजे, आणि ते माणूस मी न्हाई. माझा हात आपोआप आच वाढवायला जातो. तुमचा जात न्हाई."

"तू मला उठवलीस," अक्का म्हणाली. सरळ म्हणाली, रागानं न्हाई.

"व्हय. घरी जा म्हणाले. तिसऱ्या रांगंकडं बघत होते, कुणाशी काय बोलतेय ते ध्यानात न्हवतं." तिनं कांड्या टॉवेलात गुंडाळल्या. "पण उठवलीच की. ते खरंच हाय."

अक्कानं दरीकडं बगितलं. धुकं उन्हानं वर सरकत होतं. मंग ती आत गेली आन् घोंगडीचा तुकडा घेऊन आली.

"मामा, शेरडांना पाणी दाखवा," ती म्हणाली. "म्या चालले."

"जा की," मामा म्हणालं. "माज्या चुलीत नाक घालायला कुणी न्हाई आता, सुटलो." पण ते पार उतारापातूर सोडायला आलं आन् स्वप्नालीच्या तुटक्या चपलेला त्यांनी वाटंत सुतळी बांधून दिली.

तवापासनं अक्का मधल्या आचेला बसते. भट्टी लालसर असते, पांढरी न्हाई, काळी काच लागत न्हाई. रोज दार उघडायच्या वक्ताला स्वप्नाली बाहेर रस्त्यावर जाऊन उभी ऱ्हाती, आन् अक्का आत हात घालती. काही कांड्यांचं पीठ झालं, ते खोटं कशाला सांगायचं. कुठल्या दिवशी चांगल्या दिसणाऱ्या रांगंतली एखादी बसायची आन् तिघांचीबी जेवणं व्हायची न्हाईत. मंग स्वप्नाली पांढरं पीठ वाढवायची, कमी करायची, बारीक दळायची. पावसाळ्याच्या तोंडाला अशी रांग आली की जिला किती धरली तरी धक्का लागला न्हाई. मंग वर न्यायची, सोळाशेला, तर तितं तिला साय धरायची, गुळगुळीत, आरशासारखी. अक्का ती उन्हात धरून बगायची. छोटं गिऱ्हाईक मिळालं, मंग दुसरं. मोठं आजून मिळालेलं न्हाई. शेड तेच हाय, पत्राबी तोच गळतो.

रोहिदास आता आईला घरी बस म्हणत न्हाई. संपतचं लगीन ठरलं, आन् पोरगी बगायला जाताना त्यानं अक्कालाच म्होरं घातली होती. अक्का तितं जाऊन पोरीच्या आईला म्हणाली, "पोरगं चांगलं हाय. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायला धावतं. तेवढी खोड सोडली तर काय वाईट न्हाई."

दुपारी मातर तिला कुणी हाक मारत न्हाई. पत्र्यावर उन्ह सरकतं, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज लांबनं पाण्यासारखा येतो. अक्का लालीकडं बगत असती, पाठ ताठ, आन् मधनंच तिचा तळहात आपोआप उघडतो, काहीतरी घेतल्यासारखा. लई येळ तसाच ऱ्हातो.

पुण्याचं शिक्षण का सुटलं ते स्वप्नालीनं कुणाला सांगितलं न्हवतं. पुढं संपत पीठ आणायला पुण्याला गेला तवा त्या दुकानात एक जण भेटला, तिच्यासंगं पुण्यात एकाच प्रयोगशाळंत शिकणारा. त्यानं सांगितलं ते असं: तिनं ते शिक्षण सोडलं न्हवतं, तिला तितनं काढलं होतं. त्या प्रयोगशाळंत दुसऱ्या एका पोराच्या नव्या कांड्या भट्टीत होत्या आन् भट्टी तिच्यावर सोपवलेली होती. बंद करायला तिचं मन झालं न्हाई, म्हणून पाचशेवर धरून ठेवली, आन् आपण भोंगवलीच्या जत्रेला गावाला निगून आली होती; माघारी गेली तवा भट्टीत नुसतं पीठ होतं.